कुत्र्यासोबत धावण्याचा वर्ग: पहिल्या सत्राची आखणी

आधी वेळ ठरवा, अंतर नंतर. कुत्र्याला घाम येतो तो तळपायांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो आणि दमट हवेत तेही साधत नाही. म्हणून पुण्या-मुंबईकडे उन्हाळ्यात सत्र झुंजूमुंजू असतानाच सुरू करा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर धावणं रद्द.

नाव नोंदवतानाच चाळणी लावा. वय किमान एक वर्ष, मोठ्या जातींचं दीड. त्याआधी हाडांची वाढ पुरी झालेली नसते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना फक्त चालवा. रेबीज आणि लेप्टोची लस, गोचिडांचं औषध झालेलं हवं. माजावर आलेली मादी त्या दिवशी घरीच बरी.

गळपट्ट्याला दोरी बांधून धावू देऊ नका, श्वासनलिका दाबली जाते. छातीवर इंग्रजी वायच्या आकाराचा हार्नेस (अंगात घालायचा पट्टा) घाला, आत दोन बोटं सरकतील इतका सैल. हार्नेसची दोरी धावणाऱ्या माणसाच्या पट्ट्याला अडकवायची. हा पट्टा कंबरेवर नव्हे, खाली नितंबांवर बसला पाहिजे; वर सरकला की प्रत्येक हिसका पाठीच्या कण्याला लागतो. मधली दोरी लवचीक, ताणल्यावर साधारण दोन मीटर. आपोआप गुंडाळणारी दोरी आणलेल्याला परत पाठवा: बोटं कापतात.

आदल्या दिवशी त्याच वेळी वाट चालून बघा. भटक्या कुत्र्यांचा अड्डा किंवा त्यांना खाऊ घालण्याची जागा लागली, तर वाट बदला.

एका प्रशिक्षकामागे माणूस-कुत्र्याच्या पाच-सहा जोड्या पुरेत. दहा मिनिटं चालणं, मग एक मिनिट धाव आणि दोन मिनिटं चाल असं सहा वेळा, शेवटी दहा मिनिटं चाल. घोटाळा बहुधा सुरुवातीलाच होतो. कुत्री चेकाळतात, भुंकतात, दोऱ्या गुंततात. तेव्हा पाच-पाच मीटरवर उभं करा, वेगवान जोडी आधी सोडा आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बाकीच्या. ओलांडायची वेळ आलीच तर आधी ओरडून सांगायचं, दोरी हातात आखडून धरायची आणि आपण दोन कुत्र्यांच्या मध्ये राहायचं.

धावण्याआधी तीन तास आणि नंतर तासभर जेवण नको. डोबरमन, जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका जास्त. पाणी थोडं थोडं, पण वारंवार. अंगावर ओतायला वीस लिटरचा कॅन वेगळा ठेवा.

पुढे ओढणारा कुत्रा अचानक बाजूला आला, दोरी ढिली पडली, जिभेचं टोक रुंद होऊन वर वळलं, लाळ चिकट झाली, की थांबा. सावलीत न्या, अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. आधी गार करायचं, मग दवाखाना. बरेच दवाखाने दहाला उघडतात. पहाटे फोन उचलणारा डॉक्टर आदल्या दिवशीच शोधून ठेवा.