तळ्याकाठच्या कार्यकर्तीचा जीवनपट लिहिताना

नव्वद वर्षं जगलेल्या आणि त्यातली साठेक वर्षं गावकामात घालवलेल्या बाईंवर लिहायचं ठरलं, की बहुतेक जण आधी घरच्यांशी बोलायला जातात. तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. बाई संध्याकाळी उशिरा परतायच्या, एवढंच घरच्यांना ठाऊक असतं. तोवर त्या कुठे होत्या, ते दुसऱ्या कोणाच्या तरी कपाटात लिहिलेलं असतं. म्हणून मुलाखतींच्या आधी कागद.

सुरुवात तक्त्याने करा. वर्षाला एक ओळ आणि सहा रकाने: साल, वय, घर, सार्वजनिक काम, तळं, पुरावा. ज्या ओळीचा पुराव्याचा रकाना रिकामा, ती ओळ लेखात जात नाही. वयाचा हिशेब जपून करा. जन्म नोव्हेंबर 1932 चा असेल तर जून 1950 मध्ये वय 17 असतं, वजाबाकी मात्र 18 दाखवते. शिवाय 'ऐंशीव्या वर्षी' म्हणजे एकोणऐंशी पूर्ण झालेली. 'वयाच्या ऐंशीनंतर' ही वेगळी गोष्ट. या दोन शब्दप्रयोगांची सरमिसळ झाली की एकाच लेखात एकाच घटनेची दोन साले निघतात.

संस्थांच्या दप्तरात काय शोधायचं? इतिवृत्तं, हजेरीच्या सह्या, पावतीपुस्तकं, कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. शोधायला बसण्याआधी बाईंच्या नावाची जितकी रूपं संभवतात तितकी लिहून घ्या: लग्नाआधीचं, नंतरचं, फक्त आद्याक्षरं, पतीच्या नावामागे लावलेलं 'सौ.' किंवा 'श्रीमती'. हे केलं नाही तर निम्म्या नोंदी डोळ्यांसमोरून निसटतात. ठरावाखालचं सूचकाचं नाव बघून थांबू नका, अनुमोदक कोण तेही पाहा. वर्षानुवर्षं काम ओढणाऱ्या बायका पुष्कळदा दुसऱ्या ओळीतच सापडतात. कुठे नुसतंच 'महिला प्रतिनिधी उपस्थित' असेल, तर त्याच तारखेच्या हजेरीतली सही जुळवा. आणि कीर्द वाचायचा कंटाळा करू नका. भाषणात ज्याला 'तलाव स्वच्छता मोहीम' म्हटलं जातं, तिचं खरं मोजमाप तिथे असतं: किती टोपल्या, किती दिवसांची होडी, किती हातमोजे, आणि पैसे कमी पडले तेव्हा कोणाच्या नावावर उसनवारी.

तळ्याकाठच्या गावाचा एक मोठा फायदा म्हणजे तळं स्वतःच दिनदर्शिका असतं. "तळ उघडा पडला होता त्या वर्षी", "पाणी रस्त्यावर आलं तेव्हा", "हिरवा तवंग पहिल्यांदा दिसला तेव्हा" अशा आठवणींना साल लावता येतं, कारण पाणीपातळीच्या नोंदी पाणीपुरवठा किंवा पाटबंधारे खात्याकडे असू शकतात आणि वर्तमानपत्रांत बातम्या येतात. फोटोंनाही हेच लागू. पायरी, भिंत, खांब अशी न हललेली एक खूण धरून पाणी कुठवर आहे ते बघा. पण पातळी वर्षभर चढत-उतरत असते, त्यामुळे ही खूण शक्यता कमी करते, तारीख ठरवत नाही. तळं उजवीकडे असायला हवं तिथे डावीकडे दिसलं, तर निगेटिव्ह उलटी छापली आहे. पाटीवरची अक्षरं किंवा शर्टाची बटणं बघून खात्री करा.

मुलाखतीला जाताना तक्ता बरोबर न्या. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी जास्त ठळक आठवतात. त्यामुळे नुसत्या बोलण्यावर विसंबलं तर बालपण, लग्न यांनी पानं भरतात आणि पन्नाशी-साठीतलं भरभक्कम काम दोन ओळींत उरकतं. जुन्या घटना अलीकडच्या वाटण्याचीही खोड स्मृतीला असते. वयस्कांसाठी एक बैठक 45 ते 60 मिनिटांची, दुपारच्या आत. माइक तोंडापासून 20 ते 30 सेंटिमीटरवर. तळ्याकाठी बसून बोलायचा मोह आवरा. पाण्यावरचा वारा माइकमध्ये घुमतो आणि पुढे तो काढता येत नाही. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, एका चॅनलचं वेव्ह ध्वनिमुद्रण तासाला साधारण 520 एमबी घेतं. एका तासाच्या शब्दांकनाला पाच-सहा तास धरा.

"समाजसेवेची प्रेरणा कुठून मिळाली?" या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात. त्यापेक्षा वाचनालयाची किल्ली कोणाकडे असायची, सभा लांबली की मुलांना कोण बघायचं, होडी कोणाची मागितली, कोणाशी बोलणं बंद होतं, हे विचारा. शेवटचं जरूर विचारा. इतकी वर्षं काम करून कोणाशीच मतभेद झाले नाहीत, अशी व्यक्ती वाचकाला पटत नाही.

फोटो 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके), कृष्णधवल असला तरी रंगीत सेटिंगमध्ये, टिफ स्वरूपात स्कॅन करा. 10 × 15 सेंटिमीटरचा एक फोटो सुमारे 25 एमबी होतो. मागची बाजूही घ्या, नावं तिथेच असतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका. दात साफ करायचा धागा खालून हलकेच सरकवा, तरी सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

लेख 600 ते 800 शब्दांचा ठेवा. मोठ्याने वाचायला सहा-सात मिनिटं लागतात. जन्मतारखेने सुरुवात करू नका, कामाच्या एका ठोस दिवसाने करा. प्रत्येक दशकाला सारखी जागा देणं हा मोठा दोष. दहा वर्षं एका वाक्यात जाऊ द्या आणि तळ्याच्या दोन वर्षांना तीन परिच्छेद द्या. 'मनमिळाऊ', 'सेवाभावी' ही विशेषणं खोडून तिथे क्रियापद टाका. 'पहिल्या महिला अध्यक्ष' लिहिण्याआधी पूर्वीच्या अध्यक्षांची यादी तपासा. सगळं श्रेय एकटीला देऊ नका, बरोबरीच्या चार बायकांची नावं घ्या. आजारपणाला एक ओळ पुरे.

मसुदा घरच्यांना तीन दिवसांसाठी द्या, पण फक्त तथ्यं तपासायला. भाषा सगळ्यांनी मिळून सुधारली की लेखाचं मानपत्र होतं. हयात माणसांची खासगी माहिती त्यांना विचारल्याशिवाय छापू नका. तक्ता, ध्वनिमुद्रणं आणि स्कॅन यांच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरात. उसनी आणलेली इतिवृत्तं लेख छापून येण्याची वाट न बघता, पोच घेऊन परत करा.