टर्बो गाडीसाठी मोठा फ्युएल पंप निवडताना डब्यावरच्या आकड्यापलीकडे बघा

टर्बो गाड्यांची इंधन यंत्रणा बसवणं आणि तपासणं हे माझं रोजचं काम. बूस्ट वाढवायचा म्हणून जो येतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "२५५चा पंप टाकू की ४५०चा?" त्यावर मी चार गोष्टी विचारते. क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनाच्या शाफ्टवर, किती हॉर्सपॉवर हवी, बूस्ट (टर्बोने हवेवर दिलेला जादा दाब) किती, इंधन कोणतं आणि इंजिन चालू असताना पंपाच्या कनेक्टरवर किती व्होल्ट येतात. पहिल्या तिन्हींची उत्तरं लगेच मिळतात. चौथीचं बहुतेकांकडे नसतं, आणि पंप निवडताना सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

डब्यावर २५५ लिहिलंय म्हणजे तो पंप तासाला २५५ लिटर इंधन देतो. पण किती दाबाला? हा आकडा बहुधा ४० पीएसआयच्या आसपास, म्हणजे पावणेतीन बारला मोजलेला असतो, तोही १३.५ व्होल्टवर. तुमची गाडी पूर्ण बूस्टला असते तेव्हा यातली एकही अट जागेवर नसते.

दाबाचं गणित आधी नीट समजून घ्या. रिटर्न लाइन, म्हणजे उरलेलं इंधन टाकीत परत नेणारी नळी, असलेल्या बहुतेक यंत्रणांमध्ये इंधनाचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी जोडलेली असते. बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला, दाब वाढतो, त्यामुळे इंजेक्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक कायम राहतो. बेस प्रेशर (बूस्ट नसतानाचा रेलचा दाब) ३ बार आणि बूस्ट १.५ बार असेल, तर पंपाला ४.५ बारविरुद्ध इंधन ढकलावं लागतं. दाब वाढला की प्रत्येक पंपाचा प्रवाह घटतो. म्हणजे इंजिनाला सगळ्यात जास्त इंधन लागतं नेमक्या त्याच क्षणी पंप सगळ्यात कमी देत असतो. म्हणून विकत घेण्याआधी कंपनीचा दाब आणि प्रवाहाचा आलेख बघा. आलेखच मिळत नसेल, तर तो पंप मी हातात धरत नाही.

आता गरज काढू. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीला एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल जाळतं, म्हणजे सुमारे ०.३७ लिटर. ३५० हॉर्सपॉवर क्रँकवर हवी असेल तर १३० लिटर. त्यावर २० टक्के राखीव धरा, म्हणजे १५५च्या आसपास. हा आकडा ४.५ बारला आणि तुमच्या गाडीतल्या खऱ्या व्होल्टेजला मिळायला हवा. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) चाकाची पॉवर मोजली असेल, तर ड्राइव्हट्रेनमध्ये, म्हणजे इंजिनापासून चाकापर्यंतच्या गिअर-शाफ्टमध्ये, गेलेले १५ ते २० टक्के परत जोडायला विसरू नका. चाकाच्या आकड्यावर पंप निवडला की सगळी राखीव तिथेच संपते.

इंधन बदललं की गणितही बदलतं. इ-८५वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर) त्याच पॉवरसाठी आकारमानाने ३० ते ४० टक्के जास्त इंधन लागतं. वरच्या उदाहरणातले १५५ लिटर मग २१५च्या घरात जातात, आणि दाबाखाली २५५चा पंप तिथे काठावर येतो. इ-२०लाही थोडं जास्त लागतं, ८-९ टक्के धरा. शिवाय इथेनॉल पंपाच्या आतल्या भागांना आणि नळ्यांना सोसणारं हवं. इ-८५ वापरायचं असेल तर कंपनीने त्यासाठीच म्हणून दिलेला पंप घ्या, एरवी कितीही मोठा असला तरी नको.

पंपाच्या जातीवरही बरंच अवलंबून असतं. जुना, भरवशाचा वॉलब्रो २५५ गेरोटर प्रकारचा आहे. बॉश ०४४ रोलर प्रकारचा. हे दोन्ही दाबाला टिकून राहतात, पण आवाज करतात. वॉलब्रो ४५०सारखे टर्बाइन प्रकारचे पंप शांत असतात आणि भरपूर प्रवाह देतात, फक्त करंटही तितकाच ओढतात. ०४४ टाकीबाहेर बसवला, तर त्याला वरून किंवा दुसऱ्या छोट्या पंपाकडून सतत इंधन मिळायला हवं, कारण हे पंप ओढण्यात कच्चे आणि ढकलण्यात पक्के. रस्त्यावरच्या गाडीसाठी माझा कौल टाकीतल्या पंपालाच. इंधनात बुडालेला पंप थंड राहतो आणि आवाजही दबतो.

एक सूचना वॉलब्रोबद्दल. याच्या नकला सर्रास विकल्या जातात आणि वरून हुबेहूब दिसतात. ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, आणि अंगावर कोरलेला पार्ट नंबर कंपनीच्या यादीशी ताडून बघा. पंप हे गाडीतलं स्वस्तात उरकायचं ठिकाण नव्हे. इंधन कमी पडलं की मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी), नॉक, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट, सुरू होतो, आणि पिस्टनच्या दोन रिंगांमधला भाग फुटायला एकदाच पूर्ण जोर देणं पुरतं.

आता चौथ्या, कनेक्टरवरच्या व्होल्टच्या प्रश्नाकडे. एक गाडी माझ्याकडे आली होती. पंप आधीच ४५०चा टाकलेला, इंजेक्टर मोठे, ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची मांडणी) चांगला. तरी ६००० आरपीएमनंतर वाइडबँडचा (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा हळूहळू लीनकडे सरकायचा. मालकाला अजून मोठा पंप हवा होता. मी मागच्या सीटखालचं झाकण उघडलं, पंपाच्या कनेक्टरमध्ये मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब खुपसले आणि गाडीवर जोर देऊन बघितलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, कनेक्टरवर ११.३. मधले जवळजवळ ३ व्होल्ट मूळच्या बारीक वायरमध्ये, जुन्या रिलेमध्ये आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये जिरत होते. मूळ पंप ५-६ अँपिअर ओढतो, त्या मापाची ती वायर. ४५०चा पंप दाबाखाली १५ अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त मागतो. बॅटरीपासून नवी जाड वायर, नवा रिले, नवं अर्थिंग केलं, कनेक्टरवर १३.६ आले, आणि लीन होणं बंद. पंप तोच राहिला.

१३.५ व्होल्टवरून १२ला आलं तरी दाबाखाली १५ टक्क्यांहून जास्त प्रवाह जाऊ शकतो. म्हणून पंप निवडतानाच वायरिंगचा खर्च त्यात धरा. ४ ते ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, ३० किंवा ४० अँपिअरचा रिले, आणि पंपाचं अर्थिंग थेट बॉडीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या धातूवर. रिलेला चालू-बंद करणारा सिग्नल मात्र कंपनीच्या पंप वायरवरूनच घ्या. इंजिन बंद पडलं किंवा अपघात झाला की इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पंप थांबवतो, ती सुरक्षा कधीही तोडू नका. टाकीच्या झाकणातून आत जाणाऱ्या पिना मूळ पंपाच्या मापाच्या असतात. मोठ्या पंपाने त्या तापून वितळलेल्या मी पाहिल्या आहेत. तिथे झाकणाच्या आरपार जाणारा, जास्त करंटचा बल्कहेड कनेक्टर लावा.

गाडी रिटर्नलेस, म्हणजे रिटर्न लाइन नसलेली असेल आणि पंपाचा वेग एखादा मॉड्यूल कमी-जास्त करत असेल, तर वरचं वायरिंग जसंच्या तसं करू नका. मॉड्यूलची करंटची मर्यादा बघा, ती ओलांडली की मॉड्यूल जातो. आणि दाब एकाच ठिकाणी स्थिर ठेवणारी यंत्रणा असेल तर आणखी एक गोष्ट बघा. समजा रेल ४ बारवर स्थिर आहे आणि बूस्ट १.५ बार आहे. इंजेक्टरला खऱ्या अर्थाने २.५ बारच मिळतात, म्हणजे त्याचा प्रवाह २० टक्क्यांच्या आसपास घटतो. इथे पंप कितीही मोठा टाकला तरी फरक पडणार नाही.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी गाडी) आधी लॉग, म्हणजे गाडी चालताना नोंदलेले दाबाचे आकडे, बघावेत. टाकीतला पंप फक्त ४-६ बारने इंधन पुढे पोचवतो. खरा दाब, शंभर-दोनशे बारचा, कॅमशाफ्टवरचा पंप तयार करतो. टाकीतल्या पंपाचा दाब स्थिर असताना कॅमशाफ्टवरच्या पंपाचा लक्ष्यापासून खाली घसरत असेल, तर टाकीतला पंप बदलून काही हाती लागणार नाही.

गरजेपेक्षा फार मोठा पंपही नको. आयडलला इंजिन तासाला लिटरभराच्या आसपास इंधन पितं. उरलेलं सगळं रेग्युलेटरमधून रिटर्नला जातं. मूळची बारीक रिटर्न लाइन ते वाहून नेऊ शकली नाही, की बेस प्रेशर खाली उतरतच नाही, आयडल रिच होतो (इंधन गरजेपेक्षा जास्त) आणि ट्यून बिघडतो. दोन कप्प्यांच्या सॅडल टाकीत एका बाजूचं इंधन दुसरीकडे ओढणारा जेट पंप असेल तर हा त्रास जास्तच. शिवाय गरम होऊन टाकीत सतत परतणारं इंधन टाकी तापवतं. ३५० हॉर्सपॉवरसाठी ५२५चा पंप टाकायचा हट्ट धरणाऱ्यांना मी आधी रिटर्न लाइन आणि रेग्युलेटरचा खर्च सांगते.

बसवताना दोन गोष्टींवर हात आखडता घेऊ नका. पंपापासून झाकणापर्यंतची आतली नळी इंधनात बुडून राहते. साधी इंधनाची नळी बाहेरून इंधन सोसायला बनलेली नसते, काही महिन्यांत फुगते, मऊ पडते, आणि दाबाखाली फाटली की पंप चालू असूनही रेल रिकामी राहते. तिथे एसएई ३०आर१० दर्जाचीच नळी हवी, आणि क्लॅम्प स्क्रूचे पट्टे नकोत, कडेला न कापणारे फ्युएल इंजेक्शनचे घ्या. दुसरं, पंपाखालची जाळीदार पिशवी जुनी लावू नका. ती टाकीच्या तळाला टेकलेली हवी. वर लटकली, तर पाव टाकी इंधन असताना वळणावर पंप हवा ओढतो. काम उघड्या जागी करा, बॅटरी सोडा, रेलचा दाब आधी काढून टाका, अग्निशामक हाताशी ठेवा.

सगळं झाल्यावर बेस प्रेशर व्हॅक्यूम नळी काढून जुळवा, मग नळी परत लावा. त्यानंतर रेल प्रेशर आणि मॅनिफोल्ड प्रेशर एकाच लॉगमध्ये घ्या आणि पहिल्यातून दुसरा वजा करा. हा फरक आयडलपासून रेडलाइनपर्यंत आडव्या रेषेसारखा दिसायला हवा. वरच्या आरपीएमला तो वाकायला लागला, तर तिथेच पंप, वायर किंवा फिल्टर कमी पडतोय, आणि तोपर्यंत बूस्ट वाढवू नका. ही चाचणी इंजिन पूर्ण तापलेलं असताना आणि टाकी पाव भरलेली असताना घ्या, कारण रस्त्यावर यंत्रणा पहिल्यांदा मान टाकते ती याच परिस्थितीत.