लिंबाच्या वासाचं ‘हेंप’ नको, गवती चहाचे ठोंब लावा

मृग तोंडावर आला आहे. कपाशी-सोयाबीनच्या बियाण्याची जुळवाजुळव चालू असताना कुणी ‘लिंबाच्या वासाचं हेंप, एकरी लाखोंचं उत्पन्न’ असा मजकूर मोबाइलवर पाठवला, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. हेंप म्हणजे गांजाचंच झाड, पण नशेचा घटक अगदी कमी असलेलं.

जिथे गांजा कायद्याने विकता येतो अशा देशांत लिंबू-संत्र्याच्या वासाच्या जातींना खरोखरच मागणी आहे. त्यातली गाजलेली जात म्हणजे सुपर लेमन हेझ. ॲमस्टरडॅमच्या ग्रीन हाऊस कंपनीची ही जात लेमन स्कंक आणि सुपर सिल्व्हर हेझ यांच्या संकरातून निघाली. २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं तिने कॅनाबिस कप ही स्पर्धा जिंकली. फुलोऱ्यावर राळेच्या बारीक ग्रंथींचा चिकट, पांढुरका थर येतो आणि वास त्या ग्रंथींत असतो. लिंबा-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हे वासाचं द्रव्य तिथेही सापडतं, जोडीला टर्पिनोलीन हे तसंच दुसरं द्रव्य असतं. तेवढ्यावरच वास ठरत नाही. अत्यल्प प्रमाणातले इतर घटकही तो बदलतात. शिवाय संकरित बियाण्याची झाडं एकसारखी निघत नाहीत, म्हणून तिकडचे व्यावसायिक उत्पादक निवडलेल्या झाडाची कलमं लावतात. पाकिटावर लिंबाचं चित्र आहे एवढ्यावरून आत काय आहे याची हमी मिळत नाही.

खरी गोम टीएचसीत आहे. नशा आणणारा घटक तो. सुपर लेमन हेझसारख्या जातींत तो साधारण १५ ते २० टक्के, कधी त्याहून जास्त असतो. औद्योगिक हेंपची लागवड परवान्याने सुरू करणारं देशातलं पहिलं राज्य उत्तराखंड. तिथे २०१८ पासून परवाने दिले जातात आणि टीएचसीची मर्यादा आहे ०.३ टक्के. म्हणजे ही जात उत्तराखंडातल्या परवानाधारक शेतकऱ्यालाही चालणार नाही. हेंपच्या नावाखाली विकला तरी तो गांजाच आहे, आणि माझ्या मते अशा जाहिरातीतली सगळ्यांत वाईट लबाडी हीच.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २० नुसार विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘बी गांजाच्या व्याख्येत येत नाही, मग भीती कसली?’ असं विकणारा सांगतो. अर्धं खरं आहे. व्याख्येत नुसतं बी येत नाही, पण ते रानात उगवलं की लागवड झाली आणि लागवडीचा गुन्हा वेगळा आहे. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने इतर पिकांना भाव नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकर गांजाची परवानगी मागितली होती. त्याची तक्रार भावाबद्दल होती आणि ती खोटी नव्हती. तरी परवानगीची वाट तिथून निघत नाही.

रान वाट्याने दिलं असेल तर ऊस आणि तुरीच्या पट्ट्यांतून अधूनमधून स्वतः फेरी मारा. आपल्या जमिनीत अशी झाडं असल्याचं कळल्यावर ताबडतोब पोलिसांना सांगणं कलम ४६ नुसार जमीनधारकावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून गप्प बसलात तर वाटेकऱ्याबरोबर तुम्हीही अडकता. गुपचूप उपटून बांधावर टाकू नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा, पोलीस पाटलांनाही सोबत घ्या.

लिंबाच्या वासालाच भाव मिळवायचा असेल तर गवती चहा आहे. त्याच्या तेलात लिंबाचा वास देणारं सिट्रल ७५ ते ८५ टक्के असतं आणि साबण, अत्तर, औषध उद्योगांना ते लागतं. तेलासाठी परसातला कोणताही ठोंब आणून लावू नका. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेच्या कृष्णा, प्रगती अशा जाती घ्या. मध्यम, निचऱ्याची, अगदी हलकी जमीनही चालते, मात्र पाणी साचणाऱ्या रानात ठोंब कुजतात. चांगला पाऊस झाल्यावर जून-जुलैत ६० बाय ४५ सेंटीमीटरवर ठोंब लावा. एकरी साधारण पंधरा हजार ठोंब बसतात, थोडे जास्तच आणा म्हणजे नांग्या भरता येतील. पाने वरून छाटून, वाळकी मुळं काढून लावलेला ठोंब लवकर धरतो. पहिले दोन महिने खुरपणीत हयगय केलीत तर गवतातलं गवत शोधत बसाल.

पहिली कापणी तीन-साडेतीन महिन्यांनी, जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर वर ठेवून करा. त्यापुढे पाणी असेल तर दर दोन महिन्यांनी. प्रत्येक कापणीनंतर नत्राचा हप्ता द्या. एकदा लावलेलं पीक चार-पाच वर्षं चालतं.

हिशेब मात्र आधी करा. एक टन ओल्या पाल्यातून तेल साधारण तीन ते पाच किलो निघतं, म्हणजे पाला लांब वाहून नेणं अजिबात परवडत नाही. जवळ डिस्टिलेशन युनिट नसेल आणि चार शेतकरी मिळून ते उभारायला तयार नसतील, तर दोन-चार गुंठेच लावा आणि जुड्या शहराच्या भाजीबाजारात विका. तेल काढायचंच असेल तर पाला कापल्यावर सावलीत दिवसभर सुकू द्या. ओलावा कमी झाला की टाकीत जास्त पाला मावतो आणि जळण वाचतं. निघालेल्या तेलातलं पाणी पूर्ण काढून ते ॲल्युमिनियमच्या डब्यात, काठोकाठ भरून, उजेडापासून दूर ठेवा. हवा आणि ऊन लागलं की सिट्रल घटतं आणि खरेदीदार भाव पाडतो.