सारंगखेड्याला घोडा नेताय? गाडीची सवय आजपासून लावा

मार्गशीर्ष लागला की दोंडाईचा-शहादा रस्त्यावर घोड्यांच्या गाड्या दिसू लागतात. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोडेबाजार, आणि तो उरकतो न उरकतो तोच लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा. घोडा विकायला नेणारे असोत की नुसता मिरवायला, बहुतेक जण नाल, खरारा (अंग घासायची फणी) आणि नव्या झुलीचा विचार महिनाभर आधी करतात. गाडीत चढवण्याचा विचार मात्र निघायच्या दिवशी संध्याकाळी.

मीही तेच केलं होतं. दिवस मावळलेला, भाड्याची पिकअप दारात, ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवतोय. चौघांनी मागून रेटून घोडी वर घातली. चढता चढता तिनं मान वर फेकली आणि हौद्यावरचा आडवा पाईप थेट टाळूवर बसला. सात टाके पडले आणि बाजार घरीच राहिला. त्याहून वाईट म्हणजे पुढचं वर्षभर ती उभ्या गाडीजवळूनही जाईना.

घोडा गाडीला घाबरतो तो अंधाऱ्या, अरुंद जागेला आणि पायाखालच्या पोकळ आवाजाला. यातला आवाज घरच्या घरी मोडता येतो. खळ्यात एक जाड फळी टाका, दोन्ही टोकांखाली विटा ठेवा आणि रोज पाणी पाजायला नेताना घोडा त्यावरून चालवा. गाडी दोन-चार दिवस मिळाली तरी पुरे. ती मागं घेऊन शेताच्या बांधाला अशी लावा की बांध आणि हौदा एका पातळीत येतील. चढ नसला की निम्मं भांडण मिटतं. तोबरा, म्हणजे दाण्याची तोंडाला बांधायची पिशवी, हौद्यात ठेवा. पहिल्या दिवशी पुढचे दोन पाय आत आले तरी शाबासकी द्या आणि मागं घ्या. मागं सरायला शिकवणं विसरू नका, कारण पिकअपमध्ये वळायला जागा नसते. चौथ्या-पाचव्या दिवशी आत उभा राहून चंदी (दाणा) खाऊ लागला की मगच इंजिन चालू करा आणि गावच्या शिवेपर्यंत एक फेरी मारून आणा.

गाडी ठरवताना हौद्याचा पत्रा बघा. नुसत्या पत्र्यावर लघवी सांडली की नाल बसलेला पाय साबणावर पडल्यासारखा सटकतो. गोठ्यातली रबर मॅट अंथरा, वर भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड टाकून हलकं पाणी मारा, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही. बाजूच्या पाईपांना पोती गुंडाळा. कायद्यातही हे सांगितलं आहे. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे घोड्यांच्या गाडीला बाजूनं गादी हवी, दोन जनावरांमध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, आणि वेग ताशी 35 किलोमीटरच्या वर नको. मोटार वाहन नियमांनी एका घोड्याला सव्वादोन चौरस मीटर जागा ठरवून दिली आहे. पशुवैद्यकीय डॉक्टरांचा प्रवासयोग्य असल्याचा दाखला जवळ लागतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्त तपासणीचं डॉक्टरांना आताच विचारा. हा रोग माणसालाही होतो, त्याला लस नाही, आणि ऐन वेळी रिपोर्ट मिळत नाही.

चढवताना दोनच माणसं पुरेत, एक तोंडाशी आणि एक बाजूला. थेट मागं कुणी उभं राहायचं नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही, हे पोरांना दहा वेळा सांगा. घोडा आत गेला की आधी मागचा आडवा दांडा लावा, मग तोंड बांधा. उतरवताना उलट. आधी तोंड सोडा, मग फाळका उघडा. यात चूक झाली की बांधलेला घोडा मागं झेप घेतो, दोर ताणला जातो आणि तो उलटा पडतो. बांधताना सुरगाठच मारा. तीही थेट पाईपाला नको, पाईपाला सुतळीचा एक वेढा देऊन त्या वेढ्यात बांधा. घोडा बिथरलाच तर सुतळी तुटेल, मान वाचेल.

दोर किती ठेवायचा, इथं बरेच जण चुकतात. रुबाबदार दिसावा म्हणून तोंड वर आवळून बांधतात. घोडा नाकातला, श्वासनळीतला शेंबूड आणि धूळ बाहेर टाकतो ती मान खाली घालून. आठ-दहा तास मान वर राहिली की ती घाण छातीत उतरते आणि बाजारात पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप येतो. लोक म्हणतात, तापीची थंडी बाधली. थंडीचा त्यात फारसा दोष नसतो. तोंड छातीच्या खाली नेता येईल, पण पाय दोरात अडकणार नाही, एवढा ढील द्या.

झूल रात्रीच्या मोकळ्या गाडीत ठीक. दुपारी, किंवा ताडपत्री लावलेल्या गाडीत, घोडा आत घामानं निथळतो. कानामागं हात घालून बघा. ओलं लागलं तर झूल काढा.

दर तीन-चार तासांनी अर्धा तास थांबा. इंजिन बंद करा, दोर सैल करा, पाणी दाखवा, पण रस्त्याच्या कडेला घोडा उतरवू नका. घरचं पाणी दोन कॅनमध्ये सोबत घ्या. परक्या पाण्याला घोडा नाक मुरडतो, त्यात थंडीत तो आधीच कमी पितो, आणि सुका कडबा पोटात अडकून पोटशूळ उठतो. नाशिककडून येणाऱ्यांनी चांदवडच्या घाटात ड्रायव्हरला खालचा गिअर धरायला सांगावं. दर वळणावर ब्रेक मारला की मागं चार पायांवर तोल सांभाळणाऱ्याचे काय हाल होतात, ते एकदा हौद्यात उभं राहून बघा. गुंगीचं इंजेक्शन कुणाच्या सल्ल्यानं परस्पर देऊ नका. गुंगीतला घोडा पाय सावरू शकत नाही.

पोचल्यावर आधी थोडं फिरवा, पाणी आणि वैरण द्या. चंदी दुसऱ्या दिवशी. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा. 101.5 फॅरनहाइटच्या वर गेलं की डॉक्टरांना बोलवा.

आणि घोडा विकत घेणार असाल तर, परतीचा प्रवास तुम्हाला अनोळखी जनावरासोबत करायचा आहे. चाल बघता, दात बघता, अंगावरचे केसांचे भोवरे बघता. इसार देण्याआधी मालकाला म्हणा, एकदा गाडीत चढवून दाखवा. घरी आणल्यावर तो निदान तीन आठवडे तुमच्या घोड्यांपासून लांब बांधा, बादली आणि खराराही वेगळा ठेवा.