ब्लॅकजॅकमधील पत्तेमोजणी आणि बसण्याची जागा : या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात ठिकठिकाणी पत्त्यांचे डाव बसतात. आमच्या बैठकीत रमी आटोपली की पैशांऐवजी चिंचोके मांडून ब्लॅकजॅकही खेळला जातो. त्यात पत्त्यांची बेरीज २१ च्या वर न जाऊ देता वाटणाऱ्यापेक्षा जास्त करायची असते, आणि आम्हा काही जणांना त्यातील पत्तेमोजणीच्या, म्हणजे खेळून गेलेल्या पत्त्यांवरून उरलेल्यांचा अंदाज घेण्याच्या, गणिताची मनापासून गोडी आहे. या बैठकीत सर्वांत जास्त गैरसमज दिसतात ते कोणी कोठे बसावे याविषयी.

पत्ते वाटणाऱ्याच्या डाव्या हाताची जागा पहिली आणि उजव्या हाताची शेवटची असते. वाटप आणि खेळ याच क्रमाने चालतो. शेवटी बसणारा वाटणाऱ्याच्या अगदी आधी खेळतो, म्हणून त्याने एखादा पत्ता घेतला आणि वाटणारा जिंकला, की सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो. हा समज चुकीचा आहे. न उघडलेल्या पत्त्यांचा क्रम कोणालाच ठाऊक नसल्यामुळे, शेवटच्या खेळाडूने उचललेल्या पत्त्याने वाटणारा तरण्याची आणि बुडण्याची शक्यता दीर्घकाळात बदलत नाही. इतरांच्या बोलण्याला घाबरून आपला योग्य निर्णय फिरवणे हेच खरे नुकसान असते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. प्रचलित पद्धतीत २ ते ६ या पत्त्यांना अधिक एक, ७ ते ९ यांना शून्य आणि दश्शी, चित्रे व एक्का यांना उणे एक धरून चालती गणती ठेवतात आणि तिला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागून खरी गणती काढतात. ती जितकी जास्त, तितके उरलेल्यांत मोठे पत्ते अधिक, आणि ते खेळणाऱ्याच्या फायद्याचे असते. पैज वाटपापूर्वीच लावावी लागते, त्यामुळे ती लावताना पहिल्या आणि शेवटच्या जागेवरील माणसाजवळ अगदी सारखीच माहिती असते. सहा कॅटांच्या खेळात मोजणीचा बहुतेक लाभ पैज कमी-जास्त करण्यातूनच मिळतो. म्हणून केवळ शेवटची जागा मिळाली या आनंदात पैज वाढवणे निराधार आहे. विम्याचे, म्हणजे वाटणाऱ्याला पहिल्या दोन पत्त्यांतच २१ मिळतील यावर लावायच्या जादा पैजेचे, तसेच आहे. वाटणाऱ्याचा एक्का दिसताच, कोणीही खेळण्यापूर्वी विमा विचारला जातो आणि पत्ते उघडे वाटले असतील तर सर्वांनाच सारखे दिसतात.

मग जागेचा उपयोग होतो कोठे? पत्ता घ्यावा की थांबावे, या निर्णयात. आपल्याजवळ १२ आणि वाटणाऱ्याचा पत्ता तिर्री असताना खरी गणती दोन किंवा अधिक असेल तर थांबावे, असा नियम आहे. पाच कॅट उरले असताना चालती गणती आठ असेल तर खरी गणती १.६ होते आणि पत्ता घेणे योग्य ठरते. परंतु आपल्या आधीच्या खेळाडूंनी चार लहान पत्ते ओढले, तर ती साधारण २.४ होते आणि थांबणे योग्य ठरते. पहिल्या जागेवरच्या माणसाला ही माहिती मिळत नाही. तरीही येथे एका पत्त्याने खरी गणती केवळ ०.२ ने हलते, तर एकाच कॅटच्या खेळात अर्धा कॅट उरला असता तोच पत्ता तिला दोन अंकांनी हलवतो. म्हणून शेवटच्या जागेचा आग्रह एका कॅटच्या खेळात धरावा. सहा कॅटांत तो फारसा फळत नाही. प्रत्येक डावानंतर पत्ते पिसणाऱ्या यंत्रापुढे तर कोणत्याही जागेचा मोजणीला फारसा उपयोग नाही.

मोजणी वारंवार चुकत असेल, तर आधी नजर तपासावी. मधल्या जागेवर मान दोन्हीकडे वळवावी लागते आणि पत्ते दोनदा मोजले जातात. कडेच्या जागेवर सगळे पत्ते एकाच बाजूला असतात. लहान आणि मोठा पत्ता शेजारी आला की जोडी रद्द करावी, म्हणजे वेग सांभाळता येतो. वापरलेले पत्ते ठेवण्याचा ट्रे बहुधा वाटणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे शेवटच्या जागेजवळ असतो. दूरच्या जागेवरून त्याच्या उंचीचा अंदाज अर्ध्या कॅटने जरी चुकला, तरी शेवटी शेवटी भागाकार बिघडतो. यासाठी घरी एक कॅट, दीड कॅट आणि दोन कॅटांचे ढीग मांडून ते दोन्ही टोकांवरून ओळखण्याचा सराव करावा आणि रोज एक पूर्ण कॅट मोजावा. त्याची बेरीज शून्य आली नाही, तर जागा बदलण्यापूर्वी मोजणीच दुरुस्त करावी.