आरसी (रिमोटवर उडणारं) विमान शिकताय? आधी लँडिंग सोडून द्यायला शिका

पहिल्या आठवड्यात विमान मोडून घेतलेले जेवढे भेटले त्यांची स्टोरी एकच. वर गेलं मस्त, दोन चकरा मारल्या, मग खाली आणायला लागलो आणि संपलं. मी पण त्यातलाच. माझं पहिलं विमान ४० सेकंद उडालं आणि सरळ शेजारच्या उसात घुसलं, दोन तास शोधत होतो, पाती लागून हातावर ओरखडे आणि अंगाला खाज ती वेगळीच. वर जाण्यात काय नवल नाही हो, मोटर दमदार असली तर फळकूट पण वर जातं. म्हणून इथं उडवण्याचं थोडक्यात आणि उतरवण्याचं जरा सविस्तर लिहितोय.

विमान कुठलं घ्यायचं? फायटर जेट अजिबात नको, कितीही भारी दिसत असलं तरी. पंख बॉडीच्या वर बसवलेले, पंखांची टोकं किंचित उचललेली, फोमचं, एक ते सव्वा मीटर रुंदीचं ट्रेनर घ्या. टोकं वर असली की रिमोटची स्टिक सोडल्यावर विमान हळूहळू आपोआप सरळ होतंय, तुमचं डोकं गोंधळलं तरी त्याचं गोंधळत नाही. घरी बनवणार असाल तर २२१२ साइजची मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), ९ ग्रॅमचे सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी यात काम होतं. रिमोट मात्र ६ चॅनलचा (सहा वेगवेगळे हुकूम देणारा) घ्या, तो पुढच्या चार विमानांना पण चालेल.

वजनाचा तोल उडवायच्या आधी बघायचाच. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या (पुढची कड ते मागची कड) चौथा ते तिसरा हिस्सा मागे, तिथं दोन बोटांवर विमान तोलायचं, नाक अगदी किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपटी जड झाली तर ते सारखं नाक वर काढतंय आणि तुमच्या हातात काही राहत नाही. बॅटरी पुढं मागं सरकवली की बहुतेक वेळा काम होतं. आणि बॅटरी लावली की दर वेळी, म्हणजे दर वेळी, उजवीकडं स्टिक टाकून उजव्या पंखाचं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर उचलतंय का ते बघायचं. उलटं लावून उडवलेलं विमान मी डोळ्यानं बघितलंय, तीन सेकंद टिकलं.

आता जागा. आमच्या सोलापुरात होटगी रोडला विमानतळ आहे आणि तिथून खरी विमानं उडायला लागलीत, त्यामुळं शहरातलं मैदान विसरा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं परवानगीशिवाय विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत नाही, ८ ते १२ मध्ये २०० फुटाच्या वर नाही आणि त्यापुढं हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) झोनमध्ये ४०० फुटापर्यंत, तरी निघायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या नकाशावर आपल्या जागेचा रंग बघून घ्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडं तर फिरकायचं पण नाही.

बाहेर गेलात की शेत मोकळं दिसतंय म्हणून खूश होऊ नका. ज्वारी काढल्यावर जी धसकटं राहतात ती फोमच्या पोटात खिळ्यासारखी घुसतात, आणि एप्रिलमध्ये काळ्या रानाला भेगा पडल्या की चाक त्यात अडकून विमान कोलांटी मारतंय. मुरमाड माळरान सगळ्यात बरं. चाकं काढून ठेवा, पोटाला रुंद पॅकिंग टेप मारा आणि पोटावरच उतरवा. विजेच्या तारा आणि बाभळी पाठीमागं राहतील असं उभं राहा.

वेळ म्हणाल तर सकाळी उजाडल्यापासून आठपर्यंत, बस. त्यानंतर काळी जमीन तापली की गरम हवेचे झोत उठतात, उतरायला आलेलं विमान मधेच वर उचललं जातं नाहीतर धपकन खाली बसतं, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी वावटळ आली तर विषयच संपला. शिकायला डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, जून जुलैचा पश्चिमेचा वारा नवीन माणसाचं काम नाही.

माळावर जायच्या आधी आठ दहा तास कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर घालवा. हसू नका. विमान तुमच्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं उजवं उलटं होतं आणि तिथंच सगळे गंडतात. त्यावर एकच युक्ती, जो पंख खाली झुकलेला दिसतोय त्याच बाजूला स्टिक ढकला, जणू पंखाखाली टेकू देताय. हे हाताला बसलं की पुढचं सोपं आहे.

हातानं सोडताना वाऱ्याच्या तोंडावर उभं राहायचं, थ्रॉटल (मोटरची ताकद) पाऊणच्या वर आणि विमान आडवं सरळ फेकायचं, आभाळाकडं नाही. सोबत्याला फेकायला सांगा, तुमचे दोन्ही हात रिमोटवर पाहिजेत. दीडशे फुटावर गेल्यावर थ्रॉटल अर्धा करा, ट्रिम (रिमोटवरची बारीक बटणं) लावून हात सोडल्यावर सरळ जाईल असं करा, आणि मग लगेच घिरट्या घालत बसण्यापेक्षा तिथं वरच लँडिंगची प्रॅक्टिस करा. थ्रॉटल पूर्ण बंद करून बघा विमान किती लांब तरंगतंय, मग एलिवेटर (नाक वर खाली करणारी शेपटीची पट्टी) हळूहळू ओढत जा, वेग मरतो, पंख ढिले पडल्यासारखे वाटतात आणि एकदम नाक नाहीतर एक पंख खाली पडतो. हाच स्टॉल. दीडशे फुटावर झाला तर स्टिक सोडून थ्रॉटल दिलं की सावरतंय, दहा फुटावर झाला तर पिशवीत भरून घरी न्यायचं.

यातूनच मेन गोष्ट कळते. आपल्याला वाटतं वर जायला एलिवेटर आणि पळायला थ्रॉटल. उतरताना उलटं धरून चाला, एलिवेटरनं वेग सांभाळायचा आणि थ्रॉटलनं उंची. विमान जागेच्या अलीकडंच पडणार असं दिसलं की नवीन माणूस हमखास एलिवेटर ओढतो, त्याला वाटतं ओढलं की पोचेल, आणि तिथंच स्टॉल. ओढू नका, थोडा थ्रॉटल द्या.

रस्ता चौकोनी ठेवा. वाऱ्याबरोबर तुमच्या समोरून लांब जायचं, वळायचं, परत वळायचं आणि वाऱ्याच्या तोंडावर सरळ लाईनीत यायचं. शेवटचं वळण उथळ घ्या, वेग कमी असताना करकचून वळवलं की आतला पंख पडतो. त्या सरळ लाईनीत झाड, खांब काही नको, हे सोलापूरकरांना वेगळं समजवायला नको, २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची अख्खी चिमणी पाडली ते सगळ्या गावाला माहितीये. खुणेला मी जुनी सोलापुरी चादर अंथरतो, चार कोपऱ्याला दगड, आणि काठीला बांधलेली चिंधी वारा दाखवते. दगडावर उतरायचं नाही अर्थात, चादरीच्या बाजूला.

आणि आता जे हेडिंगमध्ये लिहिलंय ते. पहिल्या दिवशी उतरायच्या आधी किमान दहा वेळा फक्त यायचं, वीस फुटावर आल्यावर थ्रॉटल द्यायचा, पंख सरळ ठेवायचे आणि वर निघून जायचं. ठरवून. म्हणजे नंतर खरंच उतरताना लाईन वाकडी झाली, कुत्रं मधे आलं, घार अंगावर आली, तर हात आपोआप थ्रॉटलवर जातो. ज्यांनी हे केलं नाही ते वाकडंतिकडं आलेलं विमान पण जबरदस्तीनं टेकवायला बघतात.

खरं उतरवताना गुडघ्याएवढं खाली आलं की थ्रॉटल बंद आणि एलिवेटर अगदी चिमटीनं, हळूहळू मागं. नाक किंचित वर ठेवून विमान स्वतः दमून बसलं पाहिजे, आपण बसवायचं नाही. ओढल्यावर परत वर उचललं गेलं तर स्टिक पुढं ढकलू नका, जिथं आहे तिथं धरा, फार वर गेलं तर थ्रॉटल देऊन निघून जा.

टायमर ५ मिनिटांचा लावा, म्हणजे दोन तीन वेळा लँडिंग सोडायला बॅटरी उरते. लिपोचा सेल फुल ४.२ व्होल्टला असतो, ३.५ च्या आसपास आला की खाली यायचं, आणि घरी ठेवताना ३.८ वर ठेवायची. एप्रिल मेमध्ये गाडीच्या डिक्कीत विसरलात तर फुगते, माझ्या दोन फुगल्यात.

टेकल्यावर पळत जाऊन विमान उचलू नका. आधी थ्रॉटल खाली आहे का बघा, मग बॅटरी सोडवा, रिमोट सगळ्यात शेवटी बंद. मोटर बोटानं फिरवून बघा, मुरमाचे खडे आत गेले असतील तर करकर आवाज येतो, ते फुंकून काढल्याशिवाय परत उडवायचं नाही.