लाल दिवा आणि रक्ताची गुठळी: घरी करून बघायचं तर असं

गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटरीला गुंडाळायचा लाल एलईडी पट्टा घ्यायच्या विचारात असाल, तर थांबा. ज्या संशोधनामुळे लाल प्रकाशाची चर्चा वाढली, त्यात प्रकाश पायावर टाकलेलाच नव्हता. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या गटाने २०२५ साली मांडलेल्या प्रयोगात उंदरांना रोज १२ तास लाल, निळ्या किंवा पांढऱ्या उजेडात ठेवलं होतं. निळ्या-पांढऱ्या उजेडातल्या उंदरांना लाल उजेडातल्यांच्या जवळपास पाचपट गुठळ्या झाल्या. आंधळ्या उंदरांत हा फरक दिसला नाही, आणि रक्तावर थेट लाल प्रकाश टाकूनही गोठण्यात बदल झाला नाही. म्हणजे जे काही घडतं ते डोळ्यांवाटे.

माणसासाठी उजेड किती, वेळ किती, हे अजून ठरलेलं नाही. त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी, डॉक्टरांनी दिलेले दाबाचे मोजे, चालणं, यातलं काहीही लाल दिव्याच्या भरवशावर सोडू नका. त्यांच्या जोडीला करायचं असेल तर पुढचं वाचा.

दिवा ६२० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा (हा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो), खरा लाल एलईडी हवा. 'वॉर्म व्हाइट' पिवळसर दिसला तरी त्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा असतोच. खात्री करायला जुनी सीडी पुरते. खोलीत अंधार करा, सीडीची चकचकीत बाजू तिरकी धरून दिव्याचं प्रतिबिंब बघा. नुसता लाल पट्टा उमटला तर दिवा बरोबर. शेजारी हिरवा किंवा निळा दिसला तर तो नको. ८१० किंवा ८५० नॅनोमीटरचे पॅनेलही नकोत. ते किरण डोळ्यांना जवळपास दिसतच नाहीत, त्यामुळे ते झोंबून डोळे मिटले जात नाहीत आणि इजा होऊ शकते.

दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवा, उजेड परतून खोलीत पसरू द्या. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. करून बघायचं तर संध्याकाळी दोन तास करा, पण तेवढ्याने गुण येईलच असं नाही. दिवसा खिडकीचा उजेड अडवू नका. हातात मोबाइल असेल तर सगळं फुकट, कारण डोळ्यांत शेवटी पडद्याचाच निळा जातो. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार असेल किंवा उजेडाचा त्रास वाढवणारी औषधं चालू असतील, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

एक धोका सहसा लक्षात येत नाही. लाल उजेडात लाल रंग पांढऱ्यात मिसळून जातो. औषधाच्या पाकिटावरची लाल अक्षरं दिसेनाशी होतात, आणि गुठळीमुळे पायावर आलेली लालीही! म्हणून गोळ्या घेणं आणि पाय तपासणं, दोन्ही पांढऱ्या उजेडातच.

पाय तपासताना मोजपट्टी वापरा. गुडघ्याखाली नडगीवर हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. एका पायाचा घेर दुसऱ्यापेक्षा ३ सेंमीहून जास्त भरला, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोवर पाय चोळू नका, गुठळी सुटू शकते. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर मोजमाप वगैरे काही नको, सरळ रुग्णवाहिका बोलवा.